हृदयशस्त्रक्रियेनंतरचे जीवन : माझा अनुभव

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने केलेले भाषण)



यंदाच्या मेळाव्यात आरोग्यावर कोणीतरी बोलावे असे ठरले, तेव्हा डॉक्टरांना सोडून मंडळाने मला का उभे केले, असा प्रश्न आपणांस पडला असेल. मलाही पडला होता. सचिव म्हणाले, "बाई, डॉक्टर रोगाविषयी सांगतील. रोग घेऊन पंचवीस वर्षे घर कसे चालवावे, ते तुम्हीच सांगा." म्हणून मी उभी आहे. मी डॉक्टर नाही. जे सांगेन ते माझ्या डॉक्टरांकडून ऐकलेले, वाचलेले आणि अंगावर काढलेले आहे. आपल्या औषधात बदल मात्र माझे ऐकून कोणी करू नये. तो आपापल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.

माझा जन्म १९५६ सालचा. आमचे घर म्हणजे मालवण तालुक्यातील एका वाडीत मातीच्या भिंतीची दोन दालने, आणि त्यांत आम्ही अकरा माणसे. मी नऊ वर्षांची असताना घसा दुखून ताप आला. घसा आपोआप बरा झाला. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे सुजले, मग घोटे, मग मनगट. एक सांधा बरा होई आणि दुसरा धरे. आईने निरगुडीच्या पाल्याने शेकले. महिन्याभरात मी चालू लागले, तेव्हा सगळ्यांना वाटले की दुखणे गेले. ते गेले नव्हते. सांध्यांतून निघून ते हृदयात बसले होते.

ह्या रोगाला संधिवाताचा ताप म्हणतात. घशात एक प्रकारचे जंतू होतात, त्यांच्याशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर हल्ला करते. बहुतेक वेळा तो पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना होतो, आणि जिथे लहान जागेत पुष्कळ माणसे राहतात तिथे अधिक होतो. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. आपल्याकडे अजून आहे. हा रोग कोणाच्या नशिबाचा किंवा पूर्वकर्माचा नाही. तो दाटीवाटीचा आणि वेळेवर न मिळालेल्या पेनिसिलीनचा आहे.

त्यानंतर तीस वर्षे मी धावले, शिकले, नोकरीला लागले, दोन मुलांची आई झाले. दुसऱ्या बाळंतपणात पायऱ्या चढताना दम लागू लागला. चाळिशीला आले तेव्हा फळ्यावर एक ओळ लिहून थांबावे लागे. तपासणीत कळले की डाव्या बाजूची झडप आकसून तिचे तोंड बोटाएवढे उरले आहे. १९९८ साली, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर थोड्याच महिन्यांनी, आमचे हे मला कुडाळ स्टेशनावरून मुंबईला घेऊन गेले. तिथे एका मोठ्या रुग्णालयात माझी झडप काढून धातूची बसवली.

विद्यार्थ्यांना इथे एक गोष्ट सांगते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पथकाने भारतातच कृत्रिम झडप तयार केली, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली गेली. परदेशी झडपेच्या मानाने ती पुष्कळ स्वस्त पडली, म्हणून माझ्यासारख्या हजारो लोकांचा नंबर लागला. विज्ञान शिकून काय करायचे, असे विचारणाऱ्यांना मी माझ्या छातीला कान लावायला सांगते. झडप बंद होताना टिक असा आवाज येतो. शाळेत शांतता असली की पहिलीतली पोरे विचारीत, "बाई, तुमच्या छातीत घड्याळ आसा काय?"

शस्त्रक्रिया यशस्वी झाली. तिसऱ्या रात्री मात्र छातीत काहीतरी सुटल्यासारखे झाले. ठोके सैरावैरा धावू लागले. यंत्राचा आवाज वाढला, परिचारिका धावल्या. सकाळी डॉक्टरांनी सांगितले, "घाबरू नका. ह्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हे पुष्कळांना होते." बायपास झालेल्या दर तिघांत सुमारे एकाला, आणि झडपेची शस्त्रक्रिया झालेल्यांत त्याहून अधिक जणांना ते होते. बहुतेकांचे ठोके थोड्या दिवसांत जागेवर येतात. माझेही आले. पण माझ्या हृदयाचा वरचा डावा कप्पा तीस वर्षे दाब सोसून ताणलेला होता. पाच वर्षांनी तीच लक्षणे परत आली. दोनदा विजेचा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणले, दोन्ही वेळा टिकले नाहीत. २००३ पासून माझे हृदय कायमचे बेताल आहे.

बेताल म्हणजे काय ते आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला समजावणे सोपे आहे. आपण सर्वांनी रापण ओढताना पाहिली आहे. दोन्ही दोरांवर माणसे उभी असतात, एक हाक देतो आणि सगळे एका दमात ओढतात, म्हणून ते प्रचंड जाळे किनाऱ्याला लागते. हृदयातही हाक देणारी एक छोटी गाठ असते. तिच्या हाकेला वरचे दोन कप्पे आवळतात, मग खालचे दोन. आता समजा, दोरावरचा प्रत्येक माणूस आपल्याच मर्जीने ओढू लागला. हात सगळ्यांचे हलतात, पण जाळे जागचे हलत नाही. वरच्या कप्प्यांचे तसेच होते. ते मिनिटाला साडेतीनशेहून अधिक वेळा नुसते थरथरतात. खालच्या कप्प्यांपर्यंत त्यातल्या काही हाका पोहोचतात, त्याही वेड्यावाकड्या. म्हणून नाडी कधी दोन ठोके जवळ, कधी एक लांब, अशी लागते.

ह्याने माणूस लगेच मरत नाही. दम लागतो, थकवा येतो, धडधडते. ठोके शंभरच्या आत ठेवण्याच्या गोळ्या असतात, त्या घेतल्या की बहुतेक दिवस बरे जातात. खरा धोका छातीत नाही, डोक्यात आहे. जो कप्पा नीट आवळत नाही त्यात रक्त साचते. डाव्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक लहानशी पिशवी असते, तिच्यात तर विशेषच. साचलेले रक्त गोठते, आणि ती गुठळी सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकली की पक्षाघात होतो. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावातील लोकांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला. १९७८ साली त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. ठोके बेताल असलेल्यांत पक्षाघाताचा धोका इतरांच्या पाचपटीहून अधिक दिसला. आणि संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेली असून ठोकेही बेताल असतील, तर सतरापटीहून अधिक. माझ्यासारखी धातूची झडप असेल, तर तिच्यावरही रक्त गोठू शकते.

म्हणून आम्हांला रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. आपण 'पातळ' म्हणतो, पण रक्त काही पाण्यासारखे होत नाही, त्याला गोठायला वेळ लागतो एवढेच. तिचा इतिहास मोठा नवलाचा आहे. १९३३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एक शेतकरी बर्फातून गाडी हाकीत विद्यापीठात आला. त्याची गुरे रक्त वाहून मरत होती, आणि त्याच्याजवळच्या डब्यातले रक्त गोठतच नव्हते. गुरांनी कुजका चारा खाल्ला होता. त्या चाऱ्यातले द्रव्य तिथल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढले. त्यावरून वॉरफरीन तयार झाले. ते १९४८ मध्ये उंदराचे औषध म्हणून आणि १९५४ पासून माणसाचे औषध म्हणून वापरात आले. जे जास्त झाले तर मारते आणि बेतात असेल तर तारते, असे हे औषध आहे. मी घेते ती एसिनोकुमरॉल नावाची गोळी त्याच कुळातली.

बेत कळण्यासाठी रक्ताची तपासणी करतात. तिला आय.एन.आर. म्हणतात. साधारण माणसाचा हा आकडा १ च्या आसपास असतो. केवळ ठोके बेताल असलेल्यांना तो बहुधा २ ते ३ ठेवायला सांगतात, माझ्या जागच्या धातूच्या झडपेला अडीच ते साडेतीन. खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव.

आता मी माझी चूक सांगते. सांगायला लाज वाटते, पण त्यासाठीच मी इथे उभी आहे.

२०११ चा मे महिना होता. घरात पुतणीचे लग्न. पाहुणे, पाणी भरणे, मांडव. माझ्या हिरड्यांतून चार दिवस रक्त येत होते. तपासणी करायला हवी हे मला कळत होते. पण त्यासाठी एस.टी.ने बाहेरगावी जाऊन अख्खा दिवस मोडायचा, आणि तो लग्नाच्या घरातून कसा काढायचा? शेजारची काकी म्हणाली, "गो, त्या गोळीमुळा रक्त येता, तर ती कित्याक खातस? चार दिवस बंद कर बघूया." काकीने मायेपोटी सांगितले. पण गोळी बंद केली ती मी. डी.एड. झालेली, मुलांना शरीरशास्त्राचा धडा शिकवणारी मी. रक्त थांबले. मला बरे वाटले. लग्न पार पडले. चार दिवसांचे अकरा दिवस झाले.

बाराव्या दिवशी सकाळी चहाचा कप हातातून पडला. मला वाटले, निसटला. ह्यांना हाक मारायला गेले, तर तोंडातून शब्द निघेना. 'पाणी' हा शब्द मला दिसत होता, पण उच्चारता येत नव्हता. उजवा हात माझा नव्हताच जणू. मुलाने शेजारचा टेम्पो काढला आणि आधी तालुक्याला, तिथून गोव्याला बांबोळीला नेले. तिथे केलेल्या तपासणीत आय.एन.आर. १.१ निघाला. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "गोळी किती दिवस बंद आहे?" मला उत्तर देता आले नाही. मुलाला माहीतच नव्हते.

वाचा तीन महिन्यांत परत आली. अजूनही थकले की शब्द अडकतो, आजही तुम्हांला ते जाणवले असेल. हात आला, पण अक्षर आले नाही. माझ्या अक्षराचे नमुने केंद्रशाळेत लावले जात असत. नोकरीची शेवटची तीन वर्षे मी फळ्यावर डाव्या हाताने लिहिले, आणि मुले ते समजून घेत.

माझे चुकले ते काय? हिरड्यांतून रक्त येणे ही तपासणी करण्याची सूचना होती, गोळी बंद करण्याची नव्हती. आकडा वर गेलाच असता, तर डॉक्टरांनी मात्रा कमी केली असती, किंवा एक-दोन दिवस थांबवून पुन्हा सुरू केली असती. 'बंद कर' आणि 'किती कमी करू ते विचार' ह्या दोन वाक्यांमध्ये माझा उजवा हात गेला.

त्यानंतर आम्ही एक वही केली. मला लिहिता येत नव्हते, म्हणून वाडीतला आठवीतला एक विद्यार्थी दर रविवारी येऊन लिहू लागला. पाच रकाने : तारीख, आय.एन.आर., गोळीची मात्रा, पुढच्या तपासणीची तारीख, आणि शेरा. शेऱ्यात नवे औषध, ताप, जुलाब, पडणे, रक्त येणे, जे असेल ते. रोजची गोळी घेतली की घरातल्या कॅलेंडरवर फुली. ही वही मुलाला, सुनेला, शेजाऱ्यांना ठाऊक आहे. तो विद्यार्थी आता नोकरीला लागला, वही त्याच्या धाकट्या बहिणीकडे आली. त्या वहीने माझी आजवरची वर्षे सांभाळली आहेत.

वहीतले शेरे वाचून मी जे शिकले, ते थोडक्यात सांगते.

पहिले जेवणाचे. पालेभाजीत के जीवनसत्त्व असते, ते ह्या गोळीच्या विरुद्ध काम करते. म्हणून काहीजण पालेभाजी सोडून देतात. तशी गरज नाही. पावसाळा आला की आपण टाकळा, अळू, शेवग्याचा पाला रोज खातो आणि उन्हाळ्यात विसरतो, त्याने आकडा वरखाली होतो. वर्षभर साधारण सारखी खावी. मासळीला आडकाठी नाही, दारूला आहे.

दुसरे औषधांचे. अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने आणून घेऊ नयेत, त्यांतल्या पुष्कळ रक्तस्राव वाढवतात. काही जंतुनाशक गोळ्यांनी आकडा वर जातो. आपल्या जिल्ह्यात भातशेतीच्या दिवसांत लेप्टोच्या भीतीने डॉक्सिसायक्लिन दिले जाते, तेही त्यांतलेच. ते घ्यायला नाही म्हणू नका, लेप्टोही जीव घेतो. पण देणाऱ्याला आपली गोळी सांगा आणि तपासणी लवकर करा. झाडपाल्याच्या औषधालाही हाच नियम.

तिसरे पडण्याचे. पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. आमच्यासारख्याने डोक्यावर पडून 'काही लागले नाही' म्हणून झोपू नये. डोक्याला मार लागला की दिसत काही नसले तरी रुग्णालयात जावे. माडाखालून जातानाही वर पाहावे.

चौथे दातांचे. दात काढायचा असेल तर गोळी आपल्या मनाने सोडू नये. दंतवैद्याला आधी सांगावे. आकडा बेतात असेल तर बहुधा गोळी चालू ठेवूनच दात काढता येतो. आणि कृत्रिम झडप असलेल्याला त्यापूर्वी जंतुनाशक औषध घ्यावे लागते, नाहीतर तोंडातले जंतू झडपेवर जाऊन बसतात.

पाचवे नव्या गोळ्यांचे. शहरातले नातेवाईक सांगतात, "आता तपासणी न लागणाऱ्या गोळ्या निघाल्या आहेत, त्या घे." निघाल्या आहेत आणि पुष्कळांना त्या चांगल्याही आहेत, बायपासनंतर ठोके बेताल झालेल्यांना डॉक्टर त्या देतात. पण धातूच्या झडपेवर त्यांतल्या एका गोळीचा प्रयोग झाला, तो अपाय दिसल्यामुळे थांबवावा लागला, आणि २०१३ मध्ये तसे जाहीर झाले. संधिवाताच्या तापाने झडप बिघडून ठोके बेताल झालेल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतही जुनीच गोळी सरस ठरली. तेव्हा गोळी एकाची, रोग दुसऱ्याचा, असे करू नका.

सहावे सर्वांनी पाठ करावे. एखाद्याचे तोंड अचानक वाकडे झाले, हात लुळा पडला, किंवा बोबडी वळली, तर वाट पाहू नका. कांदा हुंगवू नका, तोंडात पाणी घालू नका. २०१४ पासून आपल्याकडे १०८ ची रुग्णवाहिका आहे, ती बोलवा. लक्षण कधी सुरू झाले ती वेळ लिहा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते द्यावे की नाही हे आकडा पाहून ठरवतात. म्हणून माणसाबरोबर त्याची वहीही न्या.

बंधू-भगिनींनो, शस्त्रक्रियेसाठी आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये हे नाव मिळाले. ती झाली हे फार चांगले. पण शस्त्रक्रिया काही तासांची असते आणि गोळी आयुष्याची. पुढच्या गोळ्या, तपासण्या, एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी हे बहुतांशी घरावरच येते. मजुरीवर जाणारी बाई तपासणी टाळते ती आळसाने नव्हे. तिला त्या दिवशी चूल पेटवायची असते.

इथे आपले मंडळ काही करू शकेल. आपल्या वाड्यांतून हृदयाची शस्त्रक्रिया झालेली, ठोके बेताल असलेली माणसे किती, ह्याची आधी यादी करावी. प्रत्येकाला एक वही द्यावी. एका माणसामागे एक विद्यार्थी असावा, त्याने तारीख आली की आठवण करावी. दोन-तीन जणांची तपासणी एकाच दिवशी ठरवली तर एकमेकांना सोबत होते. आणि कोणाकडे भाडे नसेल त्या दिवशी मंडळाने ते गुपचूप द्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही नाडी पाहायला शिका. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. आजी-आजोबांची नाडी वेडीवाकडी लागली, तर त्यांना दवाखान्यात न्या, एका ई.सी.जी.त रोग कळतो. घरातल्या लहान भावंडांचा घसा दुखून ताप आला, तर त्यांना डॉक्टरांना दाखवा आणि दिलेले औषध पूर्ण संपवा. सांधे सुजून ताप येऊन गेलेले मूल असेल, तर त्याला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन, डॉक्टर सांगतील त्या वयापर्यंत, चुकवू नका. १९६५ साली ते मला मिळाले असते, तर आज इथे दुसरा कोणीतरी विषय बोलला गेला असता.

माझे हृदय बरे झालेले नाही आणि होणारही नाही. पण मी दोन्ही मुलांची लग्ने पाहिली, नातीला बाराखडी शिकवली. डाव्या हाताने. ती विचारते, "आजी, तुझं घड्याळ पुढेमागे का चालतं?" मी सांगते, "चालतं ना? मग झालं. फक्त रोज किल्ली द्यायला विसरायचं नाही."